पोराला समुपदेशकाजवळ एकटं बसू द्या

"सिस्टर, हिला सलाईन लावा, अंगात ताकदच नाही." नोकरीत असताना हे मी किती आयांकडून ऐकलं! पोरगी पंधरा-सोळाची. डोकं दुखतं, जेवण नको, झोप नाही, शाळेचं नाव काढलं की रडते. रक्ताचे रिपोर्ट मात्र चांगले. मनाचं दुखणं सलाईननं कसं जाणार?

१० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. तिथले समुपदेशक आधी ऐकून घेतात. अडचण वेगळीच होते: आई शेजारी बसते आणि उत्तरंही तीच देते. मग पोर गप्प. म्हणून तुम्ही बाहेरच्या बाकावर थांबा. घरी आल्यावर "काय काय सांगितलंस?" म्हणून खोदू नका. आतलं बोलणं समुपदेशक सहसा बाहेर सांगत नाहीत. जिवाला धोका वाटला, तर आईवडिलांना सांगतात.

ओळखीचं कोणी बघेल अशी भीती असेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही. एका खोलीत सहा माणसं, बोलणार कुठं? मोबाईल देऊन पोराला विहाराच्या ओट्यावर जाऊ द्या. मागोमाग जाऊ नका.

पण "मला जगायचंच नाही" असं पोर म्हणालं, तर नाटक समजू नका. तेव्हा मात्र एकटं सोडायचं नाही. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध उचलून ठेवा आणि मजुरी बुडाली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या.