विश्लेषण : युद्धकाळात बीबीसीने कारखान्यांत गाणी का वाजवली?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्न, कपडे, पेट्रोल अशा अनेक गोष्टींवर रेशनिंग आले. रेडिओवरची गाणी आणि विनोद मात्र वाढले. सैनिक आणि कारखान्यांतील कामगारांसाठी बीबीसीने खास कार्यक्रम सुरू केले. हा निव्वळ विरंगुळा होता, की युद्धनीतीचाच भाग?

सैनिकांसाठी वेगळी सेवा का?

१ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने दूरचित्रवाणी बंद केली आणि रेडिओवर ‘होम सर्व्हिस’ ही एकच सेवा ठेवली. बातम्या, सरकारी सूचना, ध्वनिमुद्रिका आणि ऑर्गनवादन यांना श्रोते लवकरच कंटाळले. काही जण गंमत म्हणून जर्मनीचे इंग्रजी प्रचार-प्रसारणही ऐकू लागले. त्याच वेळी फ्रान्समध्ये ब्रिटिश सैनिक लढाईची वाट पाहत बराकीत बसून होते. एका खोलीत अनेक जण, गप्पा आणि पत्ते सुरू. तिथे गंभीर व्याख्यान कोण ऐकणार? म्हणून जानेवारी १९४० मध्ये हलक्याफुलक्या कार्यक्रमांचा ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ सुरू झाला. पुढे घरोघरीचे श्रोतेही तिकडे वळले.

कारखान्यात संगीत कशासाठी?

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. विमाने आणि दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्यासाठी अनेक कारखाने आठवड्याचे सातही दिवस चालू लागले. एकसुरी काम करताना संगीत असेल तर कंटाळा कमी होतो आणि उत्पादन वाढते, असे ब्रिटिश संशोधकांना युद्धापूर्वीच आढळले होते. त्यातून २३ जून १९४० रोजी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झाला. तो दिवस रविवार होता. सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास सलग संगीत लाऊडस्पीकरवर वाजे. १९४२ पासून रात्रपाळीसाठीही प्रसारण सुरू झाले.

मे १९४१ मध्ये ‘वर्कर्स प्लेटाइम’ची भर पडली. जेवणाच्या सुटीत गायक आणि विनोदी कलाकार थेट कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कार्यक्रम करत. कामगारमंत्री अर्नेस्ट बेविन यांचा याला पाठिंबा होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्याचे नाव मात्र सांगितले जात नसे.

गाणी निवडण्याचे नियम काय होते?

यंत्रांच्या खडखडाटात ऐकू यावे म्हणून परिचित चाली हव्या होत्या आणि आवाजाची पातळी सारखी हवी होती. फार संथ धून नको, कारण सुस्ती येते. गायनापेक्षा वाद्यसंगीताला पसंती होती. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ हे लोकप्रिय गाणे तर या कार्यक्रमातून वगळावे लागले. त्यात टाळ्यांची जागा आली की कामगार हातातली अवजारे यंत्रांवर आपटत!

व्हेरा लिन यांच्यावर आक्षेप का होता?

नोव्हेंबर १९४१ पासून गायिका व्हेरा लिन ‘सिन्सिअरली युअर्स’ हा कार्यक्रम करू लागल्या. दूरदेशीच्या सैनिकाला लिहिलेल्या पत्रासारखे त्याचे स्वरूप होते. बाळ झाल्याची बातमीही त्या सैनिकापर्यंत पोहोचवत. अशा हळव्या गाण्यांनी सैनिक कमकुवत होतील, त्यांना मार्चची धून द्या, अशी टीका झाली. १९४२ मध्ये बीबीसीने अतिभावुक गाण्यांवर बंधनेही घातली. पण सैनिकांना लिन हव्या होत्या. १९४४ मध्ये त्या ब्रह्मदेश आघाडीवर गेल्या. तिथल्या १४ व्या सैन्यात भारतीय जवान बहुसंख्य होते आणि मराठा पलटणीही लढत होत्या.

भारतीय श्रोत्यांशी संबंध काय?

याच आघाडीवरील सैन्यासाठी कोलंबोहून ‘रेडिओ सीक’ हे केंद्र चालवले जाई. १९४९ मध्ये ते सिलोन सरकारकडे गेले. १९५२ पासून याच रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागू लागली. अमीन सयानी यांचे मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले निवेदन कोलंबोहून भारतभर ऐकू येई. आकाशवाणीने १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू केली, त्यामागे सिलोनची ही लोकप्रियताच होती. जवानांच्या फर्माइशीचा ‘जयमाला’ हा विविध भारतीचा कार्यक्रम पिढ्यान्पिढ्या ऐकला गेला.

मग हा विरंगुळा की युद्धनीती?

दोन्ही. गाण्यांनी कामाचे तास कमी झाले नाहीत; उलट तेच तास जास्त कामी यावेत, हा हेतू होता. पण लोकांना काय ‘ऐकायला हवे’ हे वरून ठरवणाऱ्या बीबीसीला युद्धाने त्यांना काय आवडते हे विचारायला लावले. युद्ध संपताच १९४५ मध्ये फोर्सेसच्या सेवेची जागा ‘लाइट प्रोग्रॅम’ने घेतली. ‘वर्कर्स प्लेटाइम’ १९६४ पर्यंत, तर ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ १९६७ पर्यंत चालला. युद्धानंतरही दोन दशके श्रोत्यांनी हे कार्यक्रम सोडले नाहीत.