विशेष मुलांचा वर्ग : काय पाहावे, कसे पाहावे

शाळा पाहायला जाणे ही आपल्याकडे बहुधा समारंभाची गोष्ट असते. पाहुणे येतात, मुले स्वागतगीत म्हणतात, खाऊ वाटला जातो आणि शेरेबुकात ‘स्तुत्य उपक्रम’ असे लिहून मंडळी परततात. शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची असली, तर या समारंभात थोडी करुणाही मिसळते. कोणाचे डोळे पाणावतात, कोणी शिक्षिकेच्या सहनशीलतेला हात जोडतो. यात वाईट काहीच नाही. पण प्रत्यक्ष शिकवणे कोणी पाहिलेले नसते.

ते पाहणे अगत्याचे का, हे या मुलांच्या आईबापांना विचारावे. हदगावच्या पेठेतला दुकानदार असो की खेड्यातला शेतकरी, त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘आमच्या माघारी याचे कसे होणार?’ वर्गातल्या प्रत्येक तासाची किंमत या प्रश्नावर ठरते. मूल किती छान नाचले, यावर ती ठरत नाही. काल जे दुसऱ्याने करून द्यावे लागत होते, त्यातले आज त्याने स्वतः किती केले, यावर ती ठरते.

ही विद्या नवी नाही. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या एका मुलाला पॅरिसच्या इतार नावाच्या डॉक्टराने सुमारे पाच वर्षे शिकवले. मुलगा बोलू लागला नाही, परंतु काही शब्द वाचून त्यांप्रमाणे वस्तू आणण्याइतका तयार झाला. त्याच वाटेने पुढे सेगँ गेला, आणि या दोघांच्या साधनांवरून मारिया माँटेसरी यांनी आपली पद्धती उभारली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, त्यामागेही माँटेसरींची प्रेरणा होती. म्हणजे आपल्या साध्या बालवाडीवरही या ‘वेगळ्या’ मुलांच्या शिक्षणाचे ऋण आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी काढलेली ‘कामायनी’ ही महाराष्ट्रातील या कार्याची ठळक नावे. पुढे १९८४ मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था निघाली आणि मराठवाड्याला हे ज्ञान जवळ आले.

आता वर्गात जाऊ. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे कामाची फोड. बनियन घालणे आपल्याला एकच काम वाटते. शिक्षिकेच्या लेखी ती पाच-सहा कामे असतात : पुढची बाजू ओळखणे, डोके घालणे, एक हात, दुसरा हात, मग खाली ओढणे. गंमत अशी की पुष्कळदा ती शेवटापासून शिकवते. डोके आणि हात ती स्वतः घालून देते. छातीपासून कमरेपर्यंत ओढणे तेवढे मुलाकडे ठेवते. ते जमले की दुसरा हातही त्याच्याकडे सोपवते. यामुळे प्रत्येक खेप मुलाच्या हातून पुरी होते आणि ‘मी घातले’ हा आनंद त्याला रोज मिळतो. ज्याच्या वाट्याला घरीदारी ‘तुला जमणार नाही’ एवढेच आलेले असते, त्याला हा आनंद औषधासारखा असतो.

दुसरी गोष्ट मदतीची उतरंड. आधी मुलाचा हात आपल्या हातात धरून काम करून घ्यायचे. मग नुसता कोपराला स्पर्श. मग करून दाखवणे. मग तोंडाने सांगणे. शेवटी केवळ नजरेची खूण. चांगली शिक्षिका किती मदत करते यापेक्षा ती मदत कशी काढून घेते, हे पाहावे. हात धरूनच वर्षभर गिरवून घेतले, तर वह्या भरतात आणि मूल मात्र आहे तिथेच राहते.

तिसरी गोष्ट थांबणे. प्रश्न विचारून शिक्षिका गप्प उभी राहते, तेव्हा पाहुण्याला अवघडल्यासारखे होते. उत्तर आपणच पुटपुटावेसे वाटते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने साध्या शाळांतील वर्ग तपासून १९७०च्या दशकात दाखवून दिले, की शिक्षक प्रश्नानंतर सुमारे एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि मागे पडणारी मुलेही बोलू लागतात. मग ज्याचा विचारच सावकाश चालतो, त्याला किती सवड लागेल! तेव्हा ही शांतता म्हणजे शिकवण्यातला खंड समजू नये.

चौथी गोष्ट नोंदवही. ‘प्रगती बरी’ हा शेरा कामाचा नाही. मद्रासला तयार झालेल्या आणि देशभर वापरल्या गेलेल्या एका तपासणी-तक्त्यात अठरा क्षेत्रे आणि प्रत्येकात वीस, अशा ३६० कृती आहेत. मूल ही कृती करते की करीत नाही, एवढेच त्यात टिपायचे. बुद्धी किती, हा वाद तिथे नाही. पुढची पायरी कोणती, एवढाच विचार आहे.

आणखी एक पारख सांगतो. वर्गातल्या प्लॅस्टिकच्या नाण्यांवर शिकलेला हिशेब बाजारात आपोआप चालत नाही. या मुलांना एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी नेणे फार कठीण जाते. म्हणून आठवडी बाजारात खरी दहाची नोट देऊन कोथिंबिरीची जुडी घेणे, एस.टी. स्थानकावर ‘नांदेड’ आणि ‘हदगाव’ या पाट्या वेगळ्या ओळखणे, हळकुंडांतून काडीकचरा निवडणे, हा खरा अभ्यासक्रम. सोळा वर्षांचा मुलगा अजून बडबडगीतच म्हणत असेल, तर त्याचे कौतुक करण्याऐवजी नम्रपणे कारण विचारावे.

२०१६ च्या कायद्याने, चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणजे असे मूल आपल्या गल्लीतल्या साध्या शाळेतही असू शकते, आणि वर सांगितलेल्या साऱ्या कसोट्या तिथेही लागू पडतात.

तेव्हा अशा वर्गात गेलात, तर खाऊ शाळा सुटल्यावर द्यावा. मागच्या बाजूला तासभर शांत बसावे आणि एकाच मुलाकडे पाहावे. निघताना शिक्षिकेला एवढेच विचारावे : ‘गेल्या महिन्यात याला कशात मदत लागत होती, जी आता लागत नाही?’ जिच्याकडे याचे उत्तर आहे, तिला त्या प्रश्नानेच आपल्या कामाचे चीज झाल्यासारखे वाटेल. जिच्याकडे नसेल, ती उद्यापासून ते शोधू लागेल. दोन्ही परींनी मुलाचे कल्याणच आहे.