लग्नाचं ब्लाउज शिवताय आणि वजनही उतरवताय?

आंबागड-तुमसरकडच्या मुलींनो, लग्न ठरलं की पाच-सहा किलो कमी करायचं मनात येतंच. जरूर करा, पण ब्लाउजला माप आजच्या अंगाचंच द्या.

साडी शक्यतो आपल्याच जिल्ह्यातली कोशाची घ्या. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांचं काम पाहिलंत की दुसरं काही आवडणार नाही! साडीला मापाची चिंता नाही. खरी गोम ब्लाउजात आहे.

टेलरला सांगा, दोन्ही बगलांना दीड-दीड इंच माया सोडा. घेर इंच-दीड इंच उतरला तर बगलेची शिलाई आत घेऊन भागतं. त्याहून जास्त उतरला की टक्स जागेवरून हलतात, मुंढा ढिला पडतो, गळा पुढून उघडा दिसतो. मग ब्लाउज खांद्यापासून उसवावं लागतं. उसवलेल्या रेशमावर सुईची भोकं राहतात, म्हणून पक्की शिलाई शेवटीच मारायला सांगा. तोवर कच्चे टाके पुरे.

आरी वर्क करायचंय? ते कापड शिवण्याआधी होतं, त्यामुळे गळा आणि बाह्यांचा आकार तेव्हाच पक्का होतो. बगलेजवळची जागा कोरी ठेवा. सुती अस्तर आधी भिजवून वाळवायला विसरू नका, नाहीतर धुतल्यावर आटतं.

लेहंगा असेल तर कमरेला चेनसोबत नाडीही हवी.

शेवटची फिटिंग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी. त्यादिवशी हात वर करून, खाली बसून बघा, हार घालताना बगल ओढली जाते. एप्रिल-मेमध्ये टेलरकडे रांग असते, तारीख आत्ताच घेऊन ठेवा.