चौलमध्ये माड तारेवर पडला, तर कॉम्प्युटरला नेमकं काय सांगायचं?

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून जास्त होता. रायगडच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. चौल-रेवदंडा हा पट्टाही याच किनाऱ्यावरचा.

वादळ थांबवणं कुणाच्याच हातात नाही. पण 'ही लाईन गेली तर पुढे काय होईल?' हे आधीच तपासून ठेवता येतं. त्यासाठी वीज कंपन्यांचे इंजिनिअर पीएसएस-ई, पॉवरवर्ल्ड यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात. त्यात अख्ख्या ग्रिडचा नकाशा असतो आणि त्यातली एकेक गोष्ट बंद पाडून बघितली जाते. अशा बिघाडाला म्हणतात 'कंटिन्जन्सी'.

एक गेलं तरी बाकीचं चाललं पाहिजे

ग्रिडचा पहिला नियम म्हणजे 'एन वजा एक'. कुठलीही एक लाईन किंवा एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला, तरी उरलेल्यांवर जास्तीचा भार येता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पारेषण नियोजनाच्या निकषांतही हे तत्त्व आहे.

ग्रिडमध्ये अशा १,००० गोष्टी असतील, तर १,००० चाचण्या. दोन-दोन एकदम बंद पाडून बघायच्या, तर जोड्याच होतात ४,९९,५००. म्हणून हे काम कॉम्प्युटरकडे. पण कॉम्प्युटर आपण सांगू तेवढंच करतो. खरी मेख इथेच आहे.

नुसतं 'लाईन गेली' म्हणून भागत नाही

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. चौलसारख्या गावाच्या सबस्टेशनला 'अ' आणि 'ब' अशा दोन लाईन येतात. प्रत्येकीची क्षमता १० मेगावॅट. गावांची एकूण मागणी १४, म्हणजे प्रत्येकीवर ७. आता माड पडून 'अ' गेली. सगळे १४ मेगावॅट 'ब'वर आले. सॉफ्टवेअर लाल अक्षरात दाखवणार: १४० टक्के भार!

पण प्रत्यक्षात गोष्ट इथे थांबत नाही. म्हणून कंटिन्जन्सीत कृतींची यादी लिहावी लागते:

१. 'अ' लाईनचे दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडा.
२. शेजारच्या तिसऱ्या लाईनचा जोडस्विच बंद करा, म्हणजे तिकडून वीज येईल.
३. तरीही 'ब'वर १० मेगावॅटच्या वर भार असेल, तरच काही फिडर बंद करा.

तिसऱ्या ओळीतला 'तरच' महत्त्वाचा. अशी अट घातली नाही, तर सॉफ्टवेअर गरज नसतानाही गावांची वीज तोडून दाखवेल. याशिवाय जनरेटरची निर्मिती कमी-जास्त करणं, कपॅसिटर जोडणं, एका सबस्टेशनचा भार दुसऱ्यावर टाकणं, याही कृती लिहिता येतात. प्रत्येक कृती किती वेळाने होईल, तेही सांगता येतं.

कागदावरचा दिलासा

आता दुसरी कृती पुन्हा वाचा. जोडस्विच बंद करायचा, पण कोणी? तो आपोआप चालणारा असेल, तर काही सेकंदांचं काम. हाताने चालवायचा असेल, तर वायरमनला तिथवर जावं लागेल. निसर्ग वादळानंतर रस्त्यांवर जागोजागी झाडं पडलेली होती. अशा वेळी यादीत 'दहा मिनिटांत' लिहिलं, तर कॉम्प्युटर हिरवा निकाल देईल आणि गाव मात्र अंधारात राहील.

तसंच 'अ' आणि 'ब' एकाच खांबांवरून येत असतील, तर कागदावर त्या दोन आहेत, वादळासाठी एकच. अशा वेळी दोन्ही एकत्र गेल्या, अशी वेगळी कंटिन्जन्सी लिहावी लागते.

मुंबईने हे अनुभवलंय

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईकडे वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईन, त्यात कळवा-पडघा लाईनही, एकामागून एक बंद पडल्या होत्या. पहिली लाईन जाते तेव्हा ग्रिड 'एन वजा एक' झालेला असतो. कालची चाचणी मग आज उपयोगाची नसते. उरलेल्या लाईन धरून ती नव्याने करावी लागते.

अशा संकटासाठी मुंबईकडे एक योजना आहे. शहर बाहेरच्या ग्रिडपासून तोडायचं आणि स्थानिक वीजनिर्मितीवर चालू ठेवायचं. याला 'आयलंडिंग' म्हणतात. तीही कृतींची यादीच असते: हे ब्रेकर उघडा, निर्मितीच्या प्रमाणात एवढा भार तोडा. स्थानिक निर्मिती कमी पडली आणि भार वेळेत तुटला नाही, तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरते आणि उरलेले जनरेटरही बंद पडतात. त्या दिवशी मुंबईचं 'बेट' टिकलं नाही.

आपल्याला याचं काय?

पुढच्या पावसाळ्यात वीज गेली की 'कधी येणार?' हे आपण विचारणारच. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आमच्या गावाला दुसरी लाईन आहे का? ती वेगळ्या खांबांवरून येते का? आणि तिच्यावर वीज वळवायला माणूस लागतो की ते आपोआप होतं? सॉफ्टवेअरमधली यादी खरी आहे की नुसती कागदावरची, ते याच तीन उत्तरांवरून कळतं.