वार खाली आहे : घाबरू नका, पण गाफीलही राहू नका

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या ताळेबंदाबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची माहिती देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा आम्ही गर्भारपणात वार खाली असण्याचा विषय निवडला आहे. सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे पुष्कळदा थेट आमच्या कार्यालयात येतात आणि बाळ सुखरूप राहील ना, आजच दाखल व्हावे लागेल काय, खर्च किती येईल, असे प्रश्न एका दमात विचारतात. आम्ही वैद्यकीय व्यावसायिक नव्हे, व्यवस्थापन पाहणारी माणसे आहोत. तथापि रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती आणि या स्थितीसाठी लागणारी पूर्वतयारी, या दोन्ही गोष्टी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वार खाली असणे म्हणजे काय?

गर्भास प्राणवायू व पोषण ज्या अवयवातून मिळते, त्यास वार म्हणतात. ती एका बाजूने गर्भाशयाच्या भिंतीस चिकटलेली असते आणि दुसऱ्या बाजूने नाळेद्वारे बाळाशी जोडलेली असते. सामान्यतः तिची जागा गर्भाशयाच्या वरच्या भागात असते. काही स्त्रियांमध्ये मात्र ती खालच्या भागात रुजते. वारेची कड गर्भाशयाच्या मुखापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल, तर वार खाली आहे असे म्हणतात. वारेने मुखच झाकले असेल, तर त्यास प्लासेंटा प्रीव्हिया म्हणतात.

हे निदान बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत होते. त्या वेळी वार खाली दिसलेल्या दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींची वार प्रसूतीपर्यंत मुखापासून पुरेशी दूर गेलेली आढळते. वार स्वतः जागा सोडून सरकत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाऊन लांबतो व त्यामुळे हे अंतर वाढते. दिवस भरत आल्यावरही प्लासेंटा प्रीव्हिया कायम राहण्याचे प्रमाण सुमारे २०० गर्भारपणांत एक इतकेच आहे.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. जिना चढल्याने, पाण्याची कळशी उचलल्याने वा धुणे धुतल्याने वार खाली येत नाही. ती कोठे रुजणार हे गर्भधारणेच्या प्रारंभीच ठरलेले असते. यात गर्भवतीचा काहीही दोष नाही. आधीच धास्तावलेल्या मुलीस बोल लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

धोका कोठे आहे?

उरलेल्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत धोका खरा आहे. अखेरच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जाताना वारेची कड भिंतीपासून सुटते आणि रक्तस्राव होतो. तो लालभडक असतो आणि बहुधा वेदनारहित असतो. पोटात दुखत नाही म्हणून घरी थांबणे, ही येथे सर्वांत घातक चूक ठरते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. रक्तदात्याची एक पिशवी बहुधा ३५० मिलिलिटरची असते. एवढ्यावरून वेळेचे मोल कळावे.

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रियांनी अधिक सावध राहिले पाहिजे. जुन्या शिवणीवर वार रुजली, तर ती भिंतीत खोलवर शिरण्याचा संभव असतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्लासेंटा प्रीव्हिया असलेल्या स्त्रियांमध्ये, आधी एक सिझेरियन झालेले असल्यास हे प्रमाण शेकडा ११ व दोन झालेली असल्यास शेकडा ४० आढळले. अशी शंका येताच आमचे तज्ज्ञ रुग्णास वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वेळेवर पाठवितात.

प्रतीक्षेचे शास्त्र

पूर्वी असा रक्तस्राव होताच मातेस वाचविण्यासाठी प्रसूती तातडीने उरकली जाई व अपुऱ्या दिवसांची बाळे दगावत. बेलफास्टचे प्रसूतितज्ज्ञ मॅकाफी यांनी १९४५ साली १७४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध करून वेगळा मार्ग दाखविला. रक्तस्राव जिवावर बेतणारा नसेल, तर मातेस रुग्णालयात ठेवावे, आतून हाताने तपासणी करू नये, रक्त सज्ज ठेवावे आणि बाळाची वाढ होऊ द्यावी, असा तो मार्ग होता. ग्लासगोचे इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली सोनोग्राफीचा प्रसूतिशास्त्रातील उपयोग जगापुढे मांडला आणि पुढे वारेची जागा आधीच कळू लागली. साधने बदलली, परंतु उपचाराचे सूत्र तेच राहिले : सज्ज राहून वाट पाहणे.

कुटुंबाने काय करावे?

१. फेरतपासणी चुकवू नये. ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करावी आणि तेव्हाही वार खाली असेल, तर ३६ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा करावी. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी अधिक अचूक असते आणि तज्ज्ञाच्या हातून ती सुरक्षित असते. वारेची जागा निश्चित होईपर्यंत बोटांनी आतून तपासणी मात्र करू देऊ नये.

२. रक्ताचा थेंब दिसला तरी तत्काळ रुग्णालयात यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेची सेवा आहे. सोनोग्राफीचे सर्व अहवाल एका पिशवीत हाताशी ठेवावेत.

३. रक्तस्राव नसताना सक्तीने अंथरुणास खिळून राहिल्याने लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. प्रवास, श्रम व शरीरसंबंध यांविषयी संकोच न करता डॉक्टरांस विचारावे.

४. हिमोग्लोबिन वाढवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. अंगी रक्त कमी असलेल्या स्त्रीस थोडा रक्तस्रावही सोसत नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शनची गरज असते.

५. प्रसूती कोठे करायची हे आठव्या महिन्याच्या आतच ठरवावे. वार मुखावरच असेल, तर सिझेरियन अटळ असते आणि रक्तस्राव झालेला नसल्यास ते बहुधा ३६ ते ३७ आठवड्यांत केले जाते. कड दोन सेंटिमीटरहून दूर गेली असेल, तर बहुधा नैसर्गिक प्रसूती होऊ शकते.

या पाचव्या मुद्द्यावर घराघरांत वाद होतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत आहे. तीत माया आहे, मुलीला विसावा आहे. परंतु माहेर घाटापलीकडे असेल आणि शस्त्रक्रियेची सोय दोन तासांवर असेल, तर ही रीत जिवावर बेतू शकते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कुटुंबास आमच्या परिचारिकांनी सुचविले की, मुलीने माहेरी जाण्याऐवजी आईनेच इकडे यावे. आई आली. रुग्णालयाजवळ भाड्याच्या खोलीत दोघी राहिल्या. पस्तिसाव्या आठवड्यात मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला आणि पाव तासात त्या आमच्या दारी पोहोचल्या. शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. माता व बालिका दोघी सुखरूप घरी गेल्या. त्या रात्री घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता.

न वापरलेल्या तयारीचे मोल

ताळेबंद मांडताना एक गोष्ट आम्हांस नेहमी जाणवते. अशा मातेसाठी रक्त जुळवून राखून ठेवावे लागते, भूलतज्ज्ञास रात्री हाकेच्या अंतरावर ठेवावे लागते, नवजात शिशूची उबदार खाट सज्ज असावी लागते. पुष्कळदा यांतील काहीच लागत नाही. केवळ आकडे पाहणाऱ्यास हा खर्च वायफळ वाटेल. परंतु ज्या रात्री गरज पडते, त्या रात्री तो नव्याने उभा करता येत नाही. न वापरलेली तयारी ही आमच्या मते तूट नव्हे. रुग्णालयावर ठेवलेल्या विश्वासाचे ते तारण आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. गरजू कुटुंबांनी शिधापत्रिका वा उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा कक्षास नि:संकोच भेटावे. पैशाच्या चिंतेने कोणी घरी थांबू नये. देणगीदारांच्या साहाय्यामुळेच या योजनेपलीकडील भार उचलणे आम्हांस शक्य होते.

रक्त मात्र पैशाने निर्माण होत नाही. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, म्हणून दात्यांची साखळी अखंड हवी. निरोगी पुरुषास ९० दिवसांनी व स्त्रीस १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते. गर्भवतीच्या पतीने, दिरांनी, भावांनी आणीबाणीची वाट न पाहता आधीच रक्तदान करावे. देणगीदारांनीही धनादेशाबरोबर वर्षातून एकदा रक्तपेढीकडे पाऊल वळवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.