धरण न बांधता नदी वळवली

"ताओवाद म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं," परवा चहाच्या टपरीवर ऑफिसातला एक मित्र म्हणाला. मी त्याला मोबाइलवर दूज्यांगयेन या जुन्या सिंचन योजनेचा नकाशा दाखवला.

चीनच्या सिचुआन प्रांतात, मिन नदीवर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंग या अधिकाऱ्याने ती उभारली. धरण नाहीच. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाहाचे दोन फाटे केले. आतला अरुंद पण खोल, बाहेरचा रुंद पण उथळ. पाणी कमी असलं की मोठा वाटा आत, शेतांकडे जातो. पूर आला की तोच वाटा बाहेर वळतो. आपोआप!

ली बिंग ताओवादी होता असा माझा दावा नाही. पण समोरच्या जोराशी झुंजण्याऐवजी त्यालाच कामाला लावायचं, हा विचार अस्सल ताओवादी. शिवाय दर हिवाळ्यात गाळ उपसणं असायचंच. आळशाचं काम नव्हे ते.

मी हाच विचार ऑफिसात महिनाअखेरीला वापरतो. ऐनवेळची कामं येणारच, म्हणून दुपारनंतरचा वेळ मुद्दाम रिकामा ठेवतो. सकाळचं काम मग बुडत नाही.