नियतकालिकांची वर्गणी व संस्थेचा ओळखक्रमांक

वार्षिक अहवालातील खाटा, शस्त्रक्रिया व देणग्यांचे आकडे आमचे हितचिंतक आवर्जून पाहतात; ग्रंथालयाच्या खर्चाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि वैद्यकीय नियतकालिकांची वर्गणीही देणगीदारांच्या पैशातूनच भरली जाते. म्हणून अहवालवर्षात आलेला एक अनुभव व त्यानंतर केलेली सुधारणा येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बालरोग विभागासाठी घेतल्या जाणाऱ्या एका परदेशी नियतकालिकाची वर्गणी आम्ही मुदतीत भरली होती. तरीही जानेवारी उजाडताच त्याचे संगणकावरील वाचन बंद झाले. नवजात अर्भकाच्या औषधमात्रेसंबंधीचा एक लेख आमच्या डॉक्टरांना परगावच्या स्नेह्यांकडून मागवावा लागला. तो त्याच रात्री मिळाला हे सुदैव. परंतु ज्याचे पैसे भरले ते मागून घ्यावे लागणे संस्थेस शोभणारे नव्हे. वाचन पूर्ववत होण्यास सात आठवडे लागले.

चौकशीअंती दिसले की पैसे बुडाले नव्हते. हरवले होते ते आमचे नाव. मागणीपत्रावर रुग्णालयाचे नाव, धनादेशावर न्यासाचे नाव, आणि पुरवठादाराच्या जुन्या नोंदीत तिसरेच. प्रकाशकाच्या दप्तरी या तीन निरनिराळ्या संस्था ठरल्या. यात आमच्या लेखा विभागाचाही दोष आहे, हे मान्य केले पाहिजे.

ही साखळी लांब असते. ग्रंथालय मागणी नोंदविते, लेखा विभाग पैसे देतो, पुरवठादार अनेक ग्राहकांच्या मागण्या एकत्र करून प्रकाशकांकडे पाठवितो, आणि प्रकाशकाची संगणक यंत्रणा आमचे आयपी पत्ते ओळखून दार उघडते. यांपैकी प्रत्येक जण ग्राहकास आपापला क्रमांक देतो. तो दुसऱ्यास उमगत नाही. 2014 साली स्वेट्स ही मोठी डच पुरवठादार कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा अनेक देशांतील ग्रंथालयांना आपल्या वर्गण्यांची घडी नव्याने बसवावी लागली.

नियतकालिकाची ओळख पटविण्याचा प्रश्न 1970 च्या दशकातच सुटला होता. आयएसएसएन हा आठ स्थानांचा क्रमांक छापील व इलेक्ट्रॉनिक आवृत्तीस स्वतंत्रपणे दिला जातो. वर्गणीदारास मात्र तसा सर्वमान्य क्रमांक नव्हता. 2006 साली ब्रिटिश लायब्ररी, हायवायर प्रेस, रिंगगोल्ड व स्वेट्स यांनी या दिशेने पथदर्शी प्रयोग केला. 2013 साली नायसो या अमेरिकी मानक संस्थेने संस्थांसाठी आयएसएनआय या 16 अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांकाची शिफारस केली. 2019 पासून आरओआर ही विनामूल्य व खुली नोंदवहीही उपलब्ध आहे. तीत संस्थेची पर्यायी नावे आणि मातृसंस्थेशी असलेले नाते नोंदविता येते.

वाणिज्य शाखेच्या माणसास हे नवे नाही. नाव कसेही लिहिले तरी आयकर खाते पॅनवरून खातेदार ओळखते. तोच हा न्याय. मात्र क्रमांक मिळाल्याने काम आपोआप होत नाही. तो मागणीपत्र, बीजक व पावती या तिन्हींवर उतरला तरच साखळी जुळते.

केंद्र शासनाची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना 1 जानेवारी 2025 रोजी सुरू झाली. तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांसाठी ठेवण्यात आला. आमच्यासारख्या न्यासाच्या रुग्णालयास वर्गणीचा भार स्वतःच उचलावा लागतो. म्हणून दक्षता अधिक हवी.

आता आम्ही संस्थेचे एकच अधिकृत इंग्रजी नाव निश्चित केले आहे. आरओआर नोंदीतील जुने नाव दुरुस्त करण्याची विनंती पाठविली आहे. अधिकृत नाव, ओळखक्रमांक, नियतकालिकाचा आयएसएसएन व आयपी पत्ते यांचा एक तक्ता प्रत्येक मागणीपत्रास जोडला जातो. वर्गणीचे वर्ष जानेवारीत सुरू होते व आमचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. हे ध्यानी घेऊन नूतनीकरण ऑक्टोबरातच पाठविण्याचे ठरले आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथपाल प्रत्येक नियतकालिक उघडून पाहतील.

देणगीदारांचा रुपया रुग्णाच्या उशाशी ज्ञानरूपाने वेळेवर पोहोचावा, एवढाच या खटाटोपाचा हेतू आहे.